आधी आपलं सांगा

आमच्या छोट्याशा मराठी मंडळात कार्यक्रमानंतरच्या बैठकीला चहाच्या आधी चुका यायच्या. चिटणीसकाका वही उघडून म्हणायचे, "दुसऱ्याचं नक्को. आधी आपलं सांगा." आणि पहिली चूक ते स्वतःचीच सांगत. गणपतीत माईक बिघडला तरी माईकवाल्याचं नाव नाही. "मी सकाळी तपासून बघितला नाही," एवढंच. मग ओळीने सगळ्यांची पाळी. त्यामुळे दुसऱ्याचं उणं काढायची हौस आम्हाला घरी जाऊनच भागवावी लागे.

काका तारनाक्याला राहायचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. घराणं निजामाच्या काळापासून इथलं. नारायणगुड्यातल्या आमच्या सभागृहात ते दोन बस बदलून येत आणि खुर्च्या स्वतः लावत. मी पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेला. मला त्यांची पद्धत पोरकट वाटायची. आमच्या कंपनीत आत्मपरीक्षणाच्या कार्यशाळा मोठ्या हॉटेलात होत आणि तिथे मी फार छान बोलायचो. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "हौ, तिथं सोपं असतं. तिथं तुझ्यामुळं कुणाचं बिघडलेलं नसतं नं."

मंडळ मोठं व्हावं म्हणून मी सभासद वाढवायच्या योजना मांडायचो. ते शांतपणे ऐकून घेत. "माणसं गोळा करून संस्था वाढत नाही, बाबा. आलेल्याला आपण कुठं कमी पडलो ते कळलं, की वाढते हल्लू हल्लू." एवढं बोलून खुर्च्या उचलायला लागत.

मंडळाचा रविवारचा वर्ग जोशीबाई घ्यायच्या. इथे वाढलेल्या, मराठी बोलणाऱ्या पण वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी. बाई सत्तरीच्या, फोन उचलतील तर शपथ. एका उन्हाळ्यात रंगकामामुळे वर्ग रद्द झाला. पालकांना काकांनी कळवलं. बाईंच्या घरी जाऊन सांगायचं काम मी घेतलं, कारण मी त्यांच्याच गल्लीत राहत होतो. आणि साफ विसरलो. बाई कुलूप लावलेल्या सभागृहाच्या पायरीवर दीड तास उन्हात बसल्या. शेवटी चक्कर आली, तेव्हा शेजारच्या दुकानदाराने त्यांना रिक्षाने घरी पाठवलं.

पुढच्या बैठकीला बाई मुद्दाम आल्या. काकांनी वही उघडली. "निरोप पोचला का, ते मी विचारलं नाही. माझं चुकलं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. शेजारी मीच बसलो होतो, पुढची पाळी माझीच. काका माझ्याकडे बघत थांबले. मी म्हणालो, "या वेळी माझं काही नाही." त्यांनी मान खाली घातली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला विचारलं.

निरोपाचं काम माझ्याकडे होतं, हे काकांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. बाईंनी वर्ग सोडला आणि काकांशी बोलणंही. वर्ग बंद पडला. "वय झालं, विसरायला लागलेत," अशी कुजबुज सुरू झाली आणि पुढच्या निवडणुकीत चिटणीसपद माझ्याकडे आलं. मी ते घेतलं, याची मला आजही लाज वाटते. वही देताना काका एवढंच म्हणाले, "सांभाळ." त्यानंतर चार वर्षं ते मागच्या रांगेत बसत. या रविवारी सांगून टाकू, असं मी दर आठवड्याला ठरवायचो. भित्र्या माणसाला रविवार पुष्कळ असतात. काकांचे मात्र संपले.

शोकसभेत मी त्यांच्या पद्धतीचं कौतुक केलं. भाषण चांगलं झालं, असं दोघाचौघांनी सांगितलं. ते ऐकवेना. मी तडक सभेला आलेल्या जोशीबाईंपुढे जाऊन उभा राहिलो. "बाई, त्या दिवशीचा निरोप माझ्याकडे होता. काका विसरले नव्हते. मी विसरलो."

बाईंनी काठीच्या मुठीवर हात ठेवले. मग विचारलं, "त्यांना हे ठाऊक होतं?"

"हो."

"तीनदा आले होते माझ्या दारात, तारनाक्याहून. मी दार उघडलं नाही," बाई म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात सांगितलं असतंस, तरी मी त्यांच्याकडे गेले असते रे."