उन्हात भरणारा वर्ग

उन्हाळे सर सावलीत उभे राहून शिकवताना मला आठवत नाहीत. हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. होस्टेलच्या मुलांनी ते ठेवलं आणि इतकं बसलं, की ऑफिसातले कारकूनही 'उन्हाळे सरांचं टपाल आलंय' म्हणत. उंच, काटकुळे, डोक्यावर पांढरी सोला हॅट, पायांत टायरच्या तळव्यांच्या चपला आणि कोटाच्या खिशात एक कांदा. लू लागू नये म्हणून वऱ्हाडात बरेच जण कांदा जवळ बाळगतात, पण कॉलेजातला प्राध्यापक कोटात बाळगतो म्हटल्यावर नवी मुलं हसत. सर तो काढून वर धरत. "हासा लेकहो. एप्रिलात मांगाले याल, तवा देनार नाही."

आमचं सरकारी कॉलेज अमरावतीच्या कडेला, टेकड्यांच्या पायथ्याशी, मोठ्या मोकळ्या आवारात पसरलेलं होतं. मधे दगडी मुख्य इमारत. डावीकडे केमिस्ट्री, तिच्यामागे गॅस प्लांट; वारा फिरला की सगळ्या आवाराला त्याचा वास. बॉटनीची बाग, झुऑलॉजीच्या खिडकीतून दिसणारा घोड्याचा सापळा, लायब्ररी, जिमखाना, मुलांची होस्टेलं आणि त्यांच्या मेसचा धूर. भूगोल विभाग या सगळ्याच्या पलीकडे, होस्टेलच्या विहिरीमागे, एका पत्र्याच्या खोलीत होता. पूर्वी तिथे जिमखान्याचं सामान ठेवत. सरांना या जागेचं कधी वाईट वाटलं नाही. "केमिस्ट्रीवाल्याले बॉटनी कुठं हाय ते मालूम नाही, बॉटनीवाल्याले लायब्ररीचा मागचा दरवाजा मालूम नाही. आपून साऱ्यायच्या धुऱ्यावरून फिरतो," ते म्हणत. धुरा म्हणजे शेताचा बांध. हा शब्द मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. जमिनीबद्दलचे माझे सगळे शब्द पुस्तकातले आणि इंग्रजी होते. सर चांदूर बाजारकडच्या शेतकरी घरातले. ते आवारात फिरताना पायाखालची माती उचलून विचारत, "ही कोनती?" मी इंग्रजी नाव सांगितलं की मान हलवत, "बरोबर. आता तिच्या माहेरचं नाव सांग." बरड, काळी, पांढरी, खारपाण अशी मातीची माहेरची नावं मी त्यांच्यामागे फिरून शिकले. पेपर मात्र कुठल्याही भाषेत लिहायला त्यांची हरकत नव्हती.

त्या वेळी मुली थेट वर्गात जात नसत. लेडीज रूममध्ये थांबायचं, प्राध्यापक दारावरून गेले की त्यांच्यामागून रांगेनं निघायचं, पुढच्या बाकावर बसायचं आणि तास संपला की तसंच मागून परत यायचं. भूगोलाला आम्ही दोघीच होतो, मी आणि विमल. विमल बडनेऱ्याहून यायची. तिचे वडील रेल्वेत होते, आणि त्यांच्या घरानं धम्मदीक्षा घेतल्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. "उन्हात जा, रानात जा, पन डिग्री घेऊनच ये," एवढंच तिच्या वडिलांनी तिला सांगितलं होतं. सर लेडीज रूमच्या दारावरून इतक्या झपाट्यानं जात, की त्यांच्यामागे जाणं म्हणजे जवळजवळ पळणं होई. शेवटी एकदा ते थांबले, वळले आणि म्हणाले, "पोरीहो, मी का वरातीतला नवरदेव हाय, मांगं मांगं येऊन राहिल्या त? उद्यापासून आपल्या पायानं या." दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी एकट्या आवार ओलांडून जाऊ लागलो. पहिले काही दिवस फिजिक्सच्या व्हरांड्यात मुलं उठून उभी राहत. मग त्यांचंही कुतूहल संपलं.

हजेरीला मी शाळेतल्यासारखं 'प्रेझेंट, सर' म्हणायचे, तेही इतकं हळू, की सर हॅट मागे सारून विचारत, "कोन बोललं? रेडिओ लागला का कुठं?" मुलं हसत. माझा चेहरा तापे, पण मला राग आला नाही, कारण तास संपल्यावर ते माझ्या आलेखावर वाकून फक्त म्हणत, "पाहते बरोबर ही पोरगी." मी काही विचारत नसे आणि ते मला बोलायला लावत नसत. विमल दोघींच्या वाटचे प्रश्न विचारून घेई.

शेवटच्या वर्षी प्रत्येक वर्ग आवाराचा नकाशा काढी. प्लेन टेबल, म्हणजे कागद लावलेला सपाट फळा, तिवईवर लावायचं, टोकाला फडकं बांधलेली लाल-पांढरी काठी पुढच्या कोपऱ्यावर उभी करायची, टेबलावरच्या पट्टीच्या फटीतून नेम धरून रेघ ओढायची, साखळीनं अंतर मोजायचं आणि टेबल उचलून पुढे जायचं. असं करत केमिस्ट्री, बॉटनी, होस्टेल, विहीर सगळ्यांना वळसा घालून निघालो तिथे परत यायचं. परत आल्यावर कागदावरची दोन टोकं कधी नीट जुळत नाहीत. मुलं रबर काढत. सर रबर हिसकावून घेत. "जेवढं चुकलं तेवढं कोपऱ्यात लिहा. मग सगळ्या रेघायवर थोडं थोडं वाटा. एकट्या रेघेच्या मानेवर काहून देता?"

मला हे काम फार आवडलं. या विषयात पुढे नागपूरला एम.ए. करायचं, असं मी मनाशी ठरवलं. तिथे प्रवेश देताना सर्व्हे केलेला आहे का, हाच पहिला प्रश्न विचारतात, असं सर म्हणाले होते. घरी मी काही बोलले नव्हते. पण घरी ते दुसऱ्याच वाटेनं पोचलं. बाबा वकील. बार रूममध्ये कोणीतरी त्यांना म्हणालं, "तुमची मुलगी होस्टेलच्या पोरांसमोर भर दुपारी झेंडा धरून उभी असते म्हणे." त्या संध्याकाळी बाबा रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "हा विषय बंद. वर्ष गेलं तरी चालेल." वर्ष गेलं तर पुढे काय, तेही ठरलेलं होतं. अकोल्याच्या आत्यानं एक स्थळ काढून ठेवलंच होतं.

आठवडाभर मी कॉलेजात जाऊन लेडीज रूममध्ये बसून राहिले. विमलनं सरांना सांगितलं असावं. रविवारी सकाळी आमच्या फाटकाशी सायकल थांबली. कॅरिअरला प्लेन टेबल, दांडीला तिवई आणि काठ्या बांधलेल्या, हँडलवर साखळीची पिशवी. बाबा व्हरांड्यात ब्रीफ वाचत होते. सर भांडायला आलेत असं समजून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"वकीलसाहेब, तुमच्या कंपाउंडचा नकाशा काढाचा हाय. परवानगी पायजे," सर म्हणाले.

"कशासाठी?"

"तुमच्या पोरीचा आठवडा बुडला. तिले बाहेर बंदी हाय, घरात त नाही ना? मनून कॉलेज इथं आनलं."

बाबांनी जन्मभर कोर्टात जमिनीचे नकाशे पाहिले होते. काढताना एकही पाहिला नसेल. ते नुसतं "हं" म्हणाले. आई पडद्याआड उभी होती. मी टेबल लावलं. सरांनी साखळीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः घेतलं. "मी आज हमाल. तू साहेब. सांग."

मग प्रश्न आला काठीचा. गडी बाजारात गेला होता. सरांनी अंगणभर पाहिलं, मग व्हरांड्याकडे. "काठी कोन धरते?"

बाबा उठले. धोतराचा सोगा सावरत कोपऱ्यातल्या कडुनिंबापलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या कुंपणाशी जाऊन उभे राहिले. मी पट्टीतून पाहिलं, तर काठी नव्हे, बाबांचा चेहरा दिसला.

"झुकली काठी!" सर ओरडले. "साहेब, सरळ! साक्षीदार हाय ती, डोलाले नाही पायजे!"

बाबांनी काठी सरळ केली. त्यांच्यावर कोणी असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. आत पडद्याआडून आईचं हसू ऐकू आलं. तेवढ्यात शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर पिशवी घेऊन रस्त्यानं आले आणि कुंपणापाशी थबकले. "वकीलसाहेब, झेंडा धरून काय करून राहिले?"

मी हातातली पेन्सिल घट्ट धरली. बार रूममध्ये झालं तेच आता पुन्हा होणार, असं मला वाटलं.

"माझी मुलगी मोजणी करते आहे," बाबा म्हणाले. "जरा बाजूला व्हा, तिच्या नेमात येता आहात."

नकाशा व्हायला दुपार झाली. टोकं जुळली नाहीत. मी चूक कोपऱ्यात लिहिली, तेव्हा बाबा वाकून पाहत होते. "स्वतःची चूक स्वतःच लिहिणारा नकाशा कोर्टात अजून आला नाही," ते सरांना म्हणाले. सर पाणी पिऊन, चहाला नाही म्हणून, सायकलवर सामान बांधून निघून गेले. आमच्या घरी माझ्या कौतुकाचा एक शब्दही त्यांनी बोलून दाखवला नाही. रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "तुमचा हा वर्ग किती वाजता असतो?" एवढीच काय ती परवानगी.

पुढे एप्रिलात प्रात्यक्षिकाची परीक्षा आली. पहिल्या बॅचला पाच मुलं आणि मी. विमल दुपारच्या बॅचला. बाहेरचे परीक्षक नागपूरचे, फार मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मुलींनी बाहेर यायचं कारण नाही. तुम्हाला आत बसून नकाशावाचनाचा प्रश्न देतो. गुण तेवढेच. दुपारच्या मुलीलाही तसंच करू."

ते चांगल्या मनानं म्हणत होते, त्यामुळे नाही म्हणणं जास्तच अवघड झालं. मी सरांकडे पाहिलं. नियमानं त्यांना बोलता येत नव्हतं. आमच्याकडे पाठ फिरवून ते साखळीच्या कड्या सोडवत होते. पाचही मुलं माझ्याकडे बघत होती. विमल असती तर ती बोलली असती. आत बसले असते तर गुण मिळाले असते, पण नागपूरला पहिल्याच प्रश्नाला काय सांगितलं असतं? आणि माझ्यामागून विमलनं?

"नाही, सर," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मी टेबल बाहेरच लावते."

"ऊन फार आहे हो."

"आहे, सर."

परीक्षक हसले आणि त्यांनी मला जिमखान्याचा कोपरा नेमून दिला. दुपारी विमलला कोणी काही विचारलंच नाही; ती सरळ काठ्या घेऊन बाहेर पडली. परीक्षा संपल्यावर मी सरांपाशी थोडी घुटमळले. शाबासकीचा एखादा शब्द मला हवा होता. सर म्हणाले, "दुसरी साखळी कुठं ठेवली पोरायनं?" आणि ती शोधायला निघून गेले. मला ते लागलं. कोणाला बोलले नाही, पण बरेच दिवस लागून राहिलं.

त्याच उन्हाळ्यात त्यांची औरंगाबादला बदली झाली. निकाल लागला तेव्हा पत्र्याच्या खोलीला कुलूप होतं. मी नागपूरला गेले, एम.ए. झाले, आणि आता अकोल्याला एका कॉलेजात शिकवते. आत्या जवळच राहते. त्या स्थळाचा विषय ती अजून अधूनमधून काढते. सरांची माझी पुन्हा भेट झाली नाही. गेल्या वर्षी विमलचा निरोप आला, की सर सुटीत गावी आले होते आणि तिथेच गेले.

आम्ही दोघी त्यांच्या गावी त्यांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेलो. काकूंना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. लहानखुऱ्या, कपाळ मोकळं, बोलणं थेट सरांसारखं. विमलनं आमची ओळख सांगितली, तशा त्या माझ्याकडे निरखून पाहू लागल्या.

"तूच का ते वकिलाची पोरगी? परीक्षेत बाहेर गेलती ते?"

मी मान हलवली.

"अवो माय! त्या दिवशी घरी आले त हातपाय नाही धुतले, काही नाही. मले मने, 'आज वकिलाच्या पोरीनं नागपूरच्या साहेबाले तोंडावर नाही म्हटलं!' दोनदा सांगतलं. मी ताट वाढलं, त तसंच सोडून शेजारी सांगाले गेले. मंग तिकून आनखी कोनाच्या घरी. आले तवा भाकर पार वातड होऊन गेलती."

विमल हसत होती आणि डोळे पुसत होती. 

काकू उठल्या, चुलीकडे वळल्या. "तुमच्यापायी त्या दिवशी मानूस उपाशी राह्यलं माझं. आता तुमी दोघी जेवल्याबिगर जाचं नाही."

आम्ही हात धुऊन पाटावर बसलो.