माइकवरचं कुंकू

औशाच्या तनुजाचं डोकं पहिल्यापासूनच तापट. घरातल्या कोठीच्या खोलीत तिनं भिंतींना गोधड्या ठोकल्या, माइक अन् कॉम्प्युटर मांडला आणि पुण्याच्या प्रकाशकांना पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून पाठवायला लागली. "दार लावून एकटीच बडबडती," म्हणून गल्ली हसली. तिनं कुणाला भीक घातली नाही. सामानाचा विमा मात्र आठवणीनं उतरवला.

दसरा झाला अन् त्याच आठवड्यात विजेचा दाब एकदम वाढून सगळं सामान जळालं. विमा कंपनीचा सर्व्हेअर लातूरहून आला. माइकवर हळदी-कुंकवाची बोटं दिसताच त्यानं तोंड वाकडं केलं.

"मॅडम, मशीनमध्ये कुंकू गेलंय. ही तुमची हयगय. क्लेम बसत नाही."

"खंडेनवमीला पूजा केली हो! वरून बोट टेकवलंय नुसतं. आत तर वीज शिरली. जळका वास अजून येतोय, नाक हाय ना तुम्हाला?"

"नियम आहे. मी काय करणार?"

तो बॅग उचलून निघाला. तनुजा तणतणत त्याच्या मागं दारापर्यंत गेली आणि थबकली. दारात त्याची मोटारसायकल उभी होती. हँडलला झेंडूचा सुकलेला हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, इंजिनावर हळदीची बोटं.

"साहेब, हिचा विमा कुणाचा?"

"आमच्याच कंपनीचा," तो बोलून गेला.

तनुजानं मोबाइल काढून इंजिनाचा फोटो घेतला.

"आता लिहा हयगय," ती म्हणाली. "आधी हिची. मग माझी."