आयतं खाईल तो इंग्रज

इंग्रज हा देश सोडून गेले, असं शाळेत शिकवतात. ते कुठंही गेलेले नाहीत, इथंच आहेत, आणि त्यांतले बरेचसे आपल्या पै-पाहुण्यांतच निघतील, असं छातीठोकपणे सांगणारे एकच गृहस्थ मी पाहिले. ते म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे सासरे. कुंडलच्या अलीकडे त्यांचं गाव, आणि सारं गाव त्यांना आबा म्हणायचं. मिसरूड फुटायच्या आत ते भूमिगतांच्या टोळीत शिरले, पोलिसांना गुंगारा देत कृष्णाकाठच्या उसापासून पूर्वेच्या कोरड्या माळापर्यंत भटकले, स्वातंत्र्य आल्यावर घरी परतले आणि मरेपर्यंत समाजवादी राहिले. अंगानं काटकुळे, उंचीनं बेताचे, पण आवाज असा की वेशीत हाक मारली तर मळ्यातला माणूस ओ द्यायचा. इंग्रज कुणाला म्हणायचं याची त्यांची व्याख्या ठरलेली होती. "राबून खातो त्यो मानूस. नुस्ता खातो त्यो इंग्रज. कातडीचा रंग काय बघतोस गड्या?" या व्याख्येनुसार गावचे दोन माजी सरपंच, एक घरजावई, अक्काच्या घरचा म्हातारा बोका आणि मी, एवढे जण इंग्रज ठरलो होतो.

या सगळ्याचं मूळ टोळीतल्या एका शिस्तीत होतं. पोरं रात्रीअपरात्री कुणाच्याही दारात जायची आणि गरिबाच्या घरातली भाकरी खायची. तेव्हा टोळीच्या म्होरक्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की ज्या घरात घास खाल, त्या घरचं काहीतरी काम करून उठायचं. फौजदार येतो, कोंबडी हाणतो, मिशा पुसून जातो. आपणही तसंच करायला लागलो तर लोकांनी आपल्याला आपलं का म्हणावं? टोळी पांगली, म्होरक्या गेला, राज्य बदललं, पण आबांना हा हुकूम मागं घेतल्याचं कुणी कळवलं नव्हतं. त्यामुळे ते जन्मभर कुणाच्याही घरी चहा प्यायले की उठून काम शोधू लागायचे.

आम्हाला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. आमची सांगलीत हळदीची अडत. अक्काला बघायला मंडळी आली, पोहे झाले, चहा झाला, बोलणी रंगात आली आणि नवऱ्या मुलाचे वडील दिसेनात. शोधाशोध केली, तर ते मागच्या मोरीत बसून सगळ्यांच्या बशा घासत होते. आईनं कपाळाला हात लावला. वडील "अहो, काय हे, अहो, काय हे" एवढंच म्हणत मोरीच्या दाराशी उभे, आणि आबा त्यांना सांगताहेत, "आवं, वरबाप झालो म्हनून काय आयतं खाऊ?" आमची आत्या तेवढी शहाणी. तिनं तिथल्या तिथं निकाल दिला, "डोळे मिटून पोरगी द्या. सासराच भांडी घासतो म्हटल्यावर सासूची काय बिशाद आहे सासुरवास करायची!" मी तेव्हा कॉलेजात होतो. दोन बशा पोहे संपवून माजघरात वर्तमानपत्र वाचत पडलो होतो. आबा हात पुसत बाहेर आले, माझ्याकडे नीट बघितलं आणि वडिलांना म्हणाले, "घरदार लय चांगलं हाय. ह्यो धाकटा तेवढा जरा इंग्रज दिसतोय." ते नाव मला चिकटलं ते चिकटलंच.

लग्न तासाभरात उरकलं. हुंडा नाही, मानपान नाही, बँड नाही. भूमिगत असताना त्यांनी अशी लग्नं गावोगाव लावली होती, स्वतःच्या मुलाचं वेगळं कसं करणार? आमचा मामा रुसायची पुरेपूर तयारी करून आला होता. तोंड वाकडं करून तो मांडवाच्या खांबाला टेकला, तेवढ्यात आबांनी त्याच्या हातात पाण्याची कळशी दिली आणि पंगतीत पाठवलं. पाणी वाढता वाढता मामाचं रुसायचं राहूनच गेलं. पुढं तोच मामा, "आमच्या अक्काच्या सासऱ्यांनी इंग्रजाला घाम फोडला" असं बाजारात सांगत हिंडायचा, आणि कळशी मात्र गाळायचा.

आता खरं सांगायचं, तर आबांना कामाची हौस होती, कामाचा हात मुळीच नव्हता. बंड करण्यात त्यांचं तरुणपण गेलं, सुतारकी-गवंडीकी शिकायला सवड कुठली! आमच्या आईचा बिडाचा तवा वर्षानुवर्षांच्या वापरानं काळाभोर झालेला होता. आबांनी तो राखेनं आणि विटकरीनं असा घासला, की त्यात तोंड दिसावं. नंतर महिनाभर आमच्या घरात एकही घावन अख्खं निघालं नाही. एकदा त्यांनी परसातलं तण काढलं, त्याबरोबर कोथिंबीरही काढली. एकदा माझ्या बायकोचं शिलाई मशीन दुरुस्त केलं, ते त्यानंतर उलटंच शिवू लागलं. ते येणार म्हटलं की आई धास्तावून जायची आणि मोडलं तरी चालेल असं एखादं काम आधीच काढून ठेवायची. पण ते येऊन गेल्यावर आठवडाभर घरात सगळे आपापलं ताट उचलायचे, माझे वडीलसुद्धा, आणि आई दारातून त्यांच्या वाटेकडे जरा हसत बघायची.

सांगलीला एका बड्या अधिकाऱ्यानं स्वातंत्र्यदिनी काही जुन्या स्वातंत्र्यसैनिकांना बंगल्यावर चहाला बोलावलं होतं. आबांना घेऊन मीच गेलो. शाल झाली, नारळ झाला, भाषण झालं, चहा आणि काजू झाले. साहेब आभार मानताहेत तोवर आबा उठून बागेत. तिथं नळाला पाइप लावलेला दिसला आणि त्यांनी कुंड्यांना पाणी घालायला सुरुवात केली. शिपाई धावला, साहेब धावले. आबा म्हणाले, "साहेब, तुमी मला चा पाजला, लय उपकार. आता ह्यो पाइप जरा सरळ धरा, मदी मुडपतोय." आणि त्या भल्या माणसानं कोट काढून पाइप धरला. फोटोवाले आलेलेच होते. सत्काराचे फोटो कुणाच्या लक्षातही राहिले नाहीत, पाइप धरलेल्या साहेबांचा मात्र सगळीकडे फिरला. मी तो अजून जपून ठेवलाय. त्यात कडेला आबांची शाल हातात धरून मी उभा आहे, आणि माझी छाती त्या दिवशी किती फुगली होती ते फोटोतही दिसतं.

त्यांच्याकडे माहिती गोळा करायला शिकलीसवरलेली माणसं यायची. अक्का भाकरी वाढायची, आणि भाकरी खाल्ली म्हणजे नियम लागू. पुण्याहून आलेली एक अभ्यासक बाई तीन प्रश्न विचारायला आली आणि पोतंभर शेंगा फोडून गेली. तिला हवी होती बंदुका, रेल्वे, पोलिसांशी झालेल्या चकमकी यांची हकिगत. ती आबा दोन वाक्यांत उरकायचे. "व्हय, बंदुका आनल्या. पळताना एक हिरीत पडली." पण जेवू कुणी घातलं हे सांगू लागले, की संध्याकाळ पुरायची नाही. कुठल्या गावात कुणी चुलीमागं लपवलं, कुणी लेकराच्या तोंडचं दूध दिलं, आणि सगळ्यांत शेवटी, दर वेळी, ती धनगरीण.

दुष्काळी माळावर तिच्या मेंढ्यांचा कळप होता. आबा दोन दिवसांचे उपाशी, पायांना फोड आलेले. तिनं भाकरी आणि मिरचीचा खर्डा दिला. खाऊन झाल्यावर हे म्हणाले, "आय, काम सांग." तिनं आपलं घोंगडं यांच्या खांद्यावर टाकलं, हातात काठी दिली आणि म्हणाली, "त्या कोकरांकडं बघ जरा, लांब जात्यात." हे कोकरांमागं हिंडत असतानाच पोलीस आले. घोड्यावरच्या जमादारानं यांनाच विचारलं, कुणी परका माणूस दिसला का? यांनी नकारार्थी मान हलवली आणि कोकरू हाकललं. पोलीस निघून गेले. "पोलिसाला रिकामा मानूस लगीच दिसतो बग," आबा म्हणायचे. "राबनारा दिसतच न्हाई." म्होरक्याच्या शिस्तीनं आपला जीव वाचवला, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते सांगताना त्यांची मान ताठ व्हायची.

नव्वदी ओलांडून बराच काळ झाल्यावर आबा न्हाणीत घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. खाट सोप्यात आली. पहिले काही महिने ते बसल्या जागी लसूण सोलत, घेवड्याच्या शेंगा निवडत. मग हात थरथरायला लागले. लसूण खाली पडू लागला. आणि एके दिवशी त्यांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. अक्कानं विचारलं, तर म्हणाले, "सूनबाई, काम हुईना. आता मीच इंग्रज झालो गं." अक्काला रडू फुटलं.

त्यांनी खाणं सोडलं. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, सुभेदार होऊन फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी हुकूम सोडून पाहिला, विनवून पाहिलं. डॉक्टर नळीची भाषा बोलू लागले. मी सांगलीहून धावत गेलो आणि खाटेपाशी बसून म्हटलं, "आबा, आयुष्यभर राबलात, देशासाठी जीव धोक्यात घातलात. आता बसून खायचा हक्क आहे तुमचा." त्यांनी डोळे उघडले. "हक्क म्हनूनच खात हुता की इंग्रज," एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड केलं. आम्ही सगळे हात टेकून बसलो.

तोडगा काढला अक्कानं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगणात ताडपत्री टाकून शाळू वाळत घातला, दोघातिघांच्या मदतीनं खाट सोप्याच्या कडेला आणली आणि आबांच्या हाताशी काठी ठेवली. "मामंजी, मला रानात जायचं हाय. कोंबड्या शाळू खात्यात. पहारा द्या."

"मला उठाया येत न्हाई," आबा भिंतीकडे बघतच म्हणाले.

"उठा म्हनलं का मी? आवाज तर हाय न्हवं?"

थोड्या वेळानं एक कोंबडी आली. दाणे टिपायला लागली. मग दुसरी आली. आबांनी मान वळवली, बघितलं, आणि मग सोप्यातून असा आवाज निघाला की मी दचकून उभा राहिलो. "हुश्श! इंग्रजानू, हुश्श! बापाचा माल हाय व्हय रं!" कोंबड्या उडाल्या. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. दुपारी अक्का परतली तेव्हा आबांनी पहाऱ्याचा अहवाल दिला, आणि दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी खाल्ली. दाजी परसात जाऊन डोळे पुसून आले आणि उसाचं पाचट डोळ्यांत गेलं म्हणाले.

तो सबंध उन्हाळा आबांनी पहारा दिला. मी आठवड्याला जायचो. एकदा मागच्या दारानं गेलो, तर अक्का डालग्यातून कोंबड्या काढून एकेक अंगणाकडे हाकत होती. मला बघून तिनं तोंडावर बोट ठेवलं. "आज एकबी आली न्हाई रं. मग जेवायचे कसे?"

त्याच दिवशी ती पाण्याला गेल्यावर आबांनी मला जवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता.

"इंग्रजा, तुजी भैन लय हुशार हाय. पाडव्यापास्नं त्योच शाळू वाळीव घालती. आतापातूर त्याच्या लाह्या झाल्या आसत्या."

अक्का येत नाही ना, ते मी दाराकडे वळून बघितलं.

"तिला सांगू नगंस. मी बी खुळा न्हाई. आज इतकी वर्सं झाली, आन् आता हितं पडल्या पडल्या मला एक गोष्ट कळली. त्या धनगरणीपाशी दोन कुत्री हुती. वाघासारकी. कोकरांना राखाया माझी काय गरज हुती रं तिला? पोरगं लाजत हुतं, त्याला घास गोड लागावा म्हनून काठी दिली तिनं." त्यांनी काठी जवळ ओढली. "आमी समजत हुतो, आमी लोकांचं काम करतोय."

मग एक कोंबडी आली आणि त्यांनी बोलणं तोडून तिला हाकललं.

शेवटपर्यंत त्यांचा पहारा चुकला नाही. ज्या दिवशी गेले त्या दिवशीही सकाळी काठी हातात होती. दहावं-तेरावं करायचं नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. अक्कानं तो शाळू गिरणीतून दळून आणला आणि आलेल्या सगळ्यांना भाकरी आणि आमटी वाढली. माणसं कुठून कुठून आली. पूर्वेच्या माळावरून घोंगडी घेतलेले म्हातारे आले, शेंगा फोडलेली पुण्याची बाई आली, आमदारही आले. जेवण झालं आणि कुणी न सांगता सगळे हौदापाशी रांगेत उभे राहिले. आमदारांनी ताट घासलं, आणि त्यांच्या मागं आमचा म्हातारा मामा पाण्याची कळशी घेऊन उभा होता. असा माणूस आमच्या नात्यात होता, या जाणिवेनं मला त्या रांगेत उभं असताना गहिवरून आलं.

पांगापांग झाली. मी ताट घासून आलो, सोप्यात रिकाम्या खाटेपाशी उभा राहिलो. करण्यासारखं काहीच दिसेना.

"अक्का, काहीतरी काम सांग."

"काय न्हाई रं आता. बस निवांत."

मी बसलो. अक्कानं माझ्याकडे बघितलं. मग ती आत गेली, आबांची काठी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली.

"जरा अंगणाकडं बघ," म्हणाली.

अंगणात काहीच वाळत घातलेलं नव्हतं. मी दिवस मावळेपर्यंत बसून राहिलो.