डावऱ्या गोगलगायी

कॉलेजात सगळे त्यांना मावशी म्हणत. माहेरी मात्र त्या ‘डावरी’. डाव्या हाताने जेवल्या की आई बोटांवर चमचा हाणायची, पण हात काही सुधारला नाही. नवरा गेल्यावर त्या प्रयोगशाळेत गोगलगायी सांभाळायला लागल्या, त्याला एकोणीस वर्षं झाली. कुणी ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हटलं की त्या फणकारायच्या, “पोटात काय असतं ते मला विचारा! पाला मी घालते.”

एका वर्षी प्राणिशास्त्राच्या मॅडमनी जंगलातून आणलेल्या गोगलगायी चार महिने झाले तरी अंडी घालेनात. “मावशी, डबे कोरडे पडताहेत का?” मॅडमनी विचारलं. मावशींना ते फार लागलं.

दुपारी त्या डब्यासमोर ठाण मांडून बसल्या. निम्म्या शंखांचा पीळ उजवीकडे, निम्म्यांचा डावीकडे. मॅडमना ते ठाऊक होतं. माणसांत असतात तशा डावऱ्या, जात एकच, असं त्यांचं मत. पण अगं बाई! डावरी उजवीजवळ जायची, चाचपडायची नि परत फिरायची. अंगाला अंग जुळतच नव्हतं. मावशींनी कुणाला न विचारता डावऱ्या वेगळ्या डब्यात घातल्या. महिन्याभरात दोन्ही डब्यांत अंडीच अंडी.

“माझंच चुकलं, मावशी,” मॅडम म्हणाल्या. “ज्यांचं आपसात जुळत नाही, त्यांच्या पिढ्यानपिढ्या वेगळ्या वाढून दोन जाती होतात. आता या झाल्यात, की अजून होताहेत? रेघ कुठे ओढायची, हीच पंचाईत.”

दोन वर्षं तपासणी चालली. अंगाच्या आतली ठेवणही निराळी निघाली, आणि मॅडमनी रेघ ओढली: डावऱ्या ही नवी जात. मावशींनी सगळ्या मजल्याला चहा पाजला.

“आता एक नमुना लागेल, अंगासकट,” मॅडम म्हणाल्या. “आधी पाण्यात बुडवून मारायची, मग स्पिरिटमध्ये ठेवायची. जातीचं नाव त्याच्यावरच ठरतं. पूर्ण वाढलेली नि शंखाचा टवका न उडालेली, अशी डावरी एकच आहे.”

ती ठमी. डबा उघडला की पाला सोडून मावशींच्या बोटावर चढणारी.

“मी गप्प बसले असते तर जगली असती हो ती,” मावशी म्हणाल्या.

मॅडमनी डब्याकडे हात नेला. “मी करते मावशी, तुम्ही घरी जा.”

“नको. पाण्यात मीच सोडते,” मावशींनी डबा जवळ ओढला. “तिला परका हात चालत नाही.”