रोल्लाच्या फ्लॅटमधला मतदारसंघ

आमचा विधानसभा मतदारसंघ फेररचनेत मोडीत निघाला, याचं दुःख माझ्या नवऱ्याला अजून होतं. मला होत नाही. तो आधीच मोडला असता तर माझी नोकरी वाचली असती, असं मी चारचौघांत सांगते आणि ह्यांना राग येतो. येऊ दे.

त्या मतदारसंघाचा इतिहास मला तोंडपाठ आहे, कारण लग्न झाल्यापासून तो रोज जेवणाबरोबर वाढला जायचा. मधून नदी. अलीकडे तालुक्याचं गाव, कोर्ट, कॉलेज, एसटी स्टँड. पलीकडे आंबा, काजू आणि तक्रारी. आमदार कायम अलीकडचा. नदीवर पूल झाला, तर त्याचे उपकारही पलीकडच्यांनी वर्षानुवर्षं ऐकून घेतले. आमचे हे अलीकडचे. शारजात रोल्ला भागात ज्या कुटुंबाबरोबर आम्ही शेअरिंगमध्ये राहायचो, ते भाऊजी पलीकडचे. एकाच मतदारसंघातले म्हणून तर दोघांनी मिळून फ्लॅट घेतला होता.

भाऊजींची बायको म्हणजे आमच्या वहिनी. त्या होत्या म्हणून मी सकाळी ऑफिसच्या मिनीबसने दुबईला जाऊ शकायची. शिपिंग कंपनीत डॉक्युमेंटेशनला होते. माझं काम मला आवडायचं, आणि मी त्यात चांगली होते, हेही सांगून टाकते. माझी लेक दिवसभर वहिनींकडे असायची. त्यांच्या हातचा वरणभात खायची, त्यांच्याच कुशीत झोपायची. त्यांना ती मोठी आई म्हणायची, आणि मला त्याचा कधी हेवा वाटला नाही.

नव्वदीच्या मध्यावर निवडणूक आली आणि पलीकडच्यांनी पहिल्यांदाच आपला माणूस उभा केला. झालं! सकाळच्या चहापासून दोघांची जुंपायची. गावाकडे फोन, मग त्या फोनवरून भांडण. शेवटी फ्रिजचेसुद्धा कप्पे वाटले गेले, वरचे अलीकडच्यांचे, खालचे पलीकडच्यांचे. बाजारात तुरी, भट भटणीला मारी, ते हेच. अहो, दोघांपैकी एकाचंही नाव मतदारयादीत नव्हतं! परदेशी गेले म्हणून केव्हाच कापलं गेलं होतं. आणि ज्या देशात राहत होतो तिथे आम्हाला कोण विचारतंय, बाबा रे, तुझं मत काय?

निकाल लागला. अलीकडचाच आला. हे खालून गरम जिलेबी घेऊन आले आणि ताट भाऊजींच्या नाकासमोर धरलं. "घ्या, तोंड गोड करा. पुढच्या टर्मला तुमचा, इन्शाल्ला!"

भाऊजींनी ताट बाजूला सारलं. "खलास. बहुत हो गया. कंपनी कधीची फुजैराला जा म्हणतेय, आता जातोच."

आणि खरंच गेले. तिकडे दुसऱ्या किनाऱ्यावरच्या बंदरावर त्यांची बदली आधीपासून ठरत होती, भाऊजीच नको नको म्हणत होते. वहिनी सामान बांधताना रडत होत्या. मी ह्यांना म्हटलं, "एक शब्द बोला, सॉरी म्हणा, ते थांबतील."

"मी का सॉरी म्हणू? लोकांनी कौल दिलाय."

लोकांनी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातल्या दोन बायकांचा कौल कोणी घेतला होता?

नर्सरी दुपारीच सुटायची, आणि बाई ठेवायची तर तिचा व्हिसा आमच्या आवाक्याबाहेर. थोडे दिवस इकडेतिकडे हात जोडून काढले आणि राजीनामा दिला. "बरंच झालं, पोरीकडे लक्ष राहील," हे म्हणाले. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही.

मधे वर्षं गेली. एका शुक्रवारी अबुधाबीला खलिफा सिटीत ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता, तिथे ती दोघं भेटली. वहिनींनी माझ्या लेकीला बघून दोन्ही हात पुढे केले. लेक आता माझ्याएवढी उंच. ती गोड हसून म्हणाली, "हॅलो आंटी," आणि मग माझ्या कानात, "मम्मा, हू इज शी?"

वहिनींनी हात हळूच मागे घेतले.

तिकडे सोफ्यावर आमचे हे आणि भाऊजी मांडीला मांडी लावून बसले होते. मतदारसंघ मोडणार, अलीकडचा भाग एका शेजाऱ्याला आणि पलीकडचा दुसऱ्याला जोडणार, अशी बातमी आली होती. पहिल्या आमदारापासून सगळा इतिहास उगाळून झाला होता. भाऊजींचा हात ह्यांच्या खांद्यावर. "आपल्यावर अन्याय झालाय," हे म्हणत होते. आपल्यावर!

मला राहवलं नाही. "त्या मतदारसंघापायी माझी नोकरी गेली, ह्या पोरीची मोठी आई गेली. त्याचा अन्याय कुठे मांडू?"

भाऊजी माझ्याकडे बघून कसनुसं हसले. "जाऊ द्या हो वहिनी. किती जुनं काढता!"

आमच्या वहिनी आयुष्यात कधी नवऱ्याला चारचौघांत बोलल्या नव्हत्या. प्रसादाची वाटी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आणि मघापासून तुम्ही दोघं काय काढत बसलात?"