मामींची अकरा मिनिटं

नाश पावणाऱ्या वस्तूंची बाजू घेऊन भांडणारा माझ्या बायकोच्या मामांसारखा माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असंही वाटत नाही. गिरण्या बंद पडल्या, थिएटरांची मंगल कार्यालयं झाली, स्वतःचे दात एकेक करून निघून गेले, यातल्या कशाबद्दल मामांनी कधी तक्रार केली नाही. पण सिनेमाची सीडी खराब झाली की देवानं आपली मुद्दाम खोडी काढली असं त्यांना वाटायचं. त्यांच्याकडे दोन कपाटं भरून जुन्या व्हीसीडी होत्या. एकेक सिनेमा दोन-दोन सीडींत कापलेला, आणि वरचा चंदेरी पापुद्रा आमच्या गावच्या उन्हानं सुटत चाललेला. हा सगळा ऐवज डीव्हीडीवर उतरवायचा विडा मामांनी उचलला. "मामा, आता डीव्हीडी तरी कोण बघतं?" असं मी एकदा म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "जावई, तुमी बघू नका की. मी तुमच्यासाठी कुटं करतोय?"

मामा जन्मभर यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. कुठला माग कुठल्या आवाजात कण्हतोय हे त्यांना रस्त्यावरून कळायचं. हीच विद्या त्यांनी सिनेमाला लावली. सीडी पुसायची ती फक्त टॉवेलच्या नव्या कापडानं, तीही मधून कडेकडे. मग ती खिडकीपाशी उजेडात धरायची आणि कापडातलं भोक शोधावं तशी डोळे बारीक करून तपासायची. पुतण्यानं जुना कॉम्प्युटर आणून दिला होता. त्यावर एक सिनेमा उतरवायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ मामा समोर खुर्ची टाकून बसत. "माग चालू ठिवून जॉबर च्याला गेला, की कापडात डाग आलाच म्हणायचं," हे त्यांचं शास्त्र. उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर कपाटांकडे तोंड करून लावलेला असे. आम्ही पाहुणे मागे बसून निथळत असू. मी एकदा कूलर जरा इकडे वळवला, तर मामांनी तो शांतपणे परत फिरवला आणि म्हणाले, "तुमी घामानं खराब व्हत न्हाय. ह्या सीड्या व्हत्यात."

सिनेमांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. म्हणून डीव्हीडीवर ते मार्करनं स्वतःची खूण लिहीत, आणि ती खूण नेहमी मामींवरून ठरलेली असे. 'मामी तीनदा रडली'. 'मामी झोपली'. 'मामीला हिरो आवडला न्हाय'. एकावर तर नुसतं 'शेजारच्या वैनी आलत्या, नीट बघितला न्हाय' असं होतं. दोन सीडींचा सिनेमा एका डीव्हीडीत जोडताना मधे ते एक मिनिट नुसता निळा पडदा ठेवत. मी कारण विचारलं तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "सीडी बदलताना च्या टाकायची की ती. आता एका दमात गेला, तर च्या कवा टाकायचा?"

हे सगळं मी हसत हसत सांगतोय खरा, पण मामांनी हा उद्योग काढला तो मामी गेल्यानंतर. आणि त्या दोन कपाटांतला एकच सिनेमा त्यांना खरोखर हवा होता, हे मला फार उशिरा कळलं. त्यावरची खूण होती 'मामीनं सांगितलेला'.

हा सिनेमा आम्ही सगळ्यांनीच त्यांच्याकडे कितीदा तरी पाहिला होता. त्याची दुसरी सीडी मधेच अडकायची. चित्राचे चौकोन व्हायचे, हिरॉईनचं नाक कपाळावर जायचं, आणि सीडी पुढे सरकेपर्यंत अकरा मिनिटांचा सिनेमा बुडालेला असायचा. मामींनी तो लग्नाआधी, केमला माहेरी असताना, बहिणीबरोबर जाऊन पाहिलेला. चित्र अडकलं की त्या हातातलं टॉवेलांच्या शिलाईचं काम खाली ठेवत, टीव्हीसमोर उभ्या राहत आणि बुडालेला भाग सांगत. हरवलेल्या मुलाची आई स्टेशनावर बसलेली असते. एक हमाल तिचं गाठोडं उचलतो. गाठ मारायच्या पद्धतीवरून ती ओळखते, हा आपलाच. मग दोघं फलाटावर बसून जेवतात. पहिल्या वर्षी मामींच्या सांगण्यात नुसती भेट होती. पुढे स्टेशन केमचं झालं. मग भाकरी ज्वारीची झाली, तिच्याबरोबर शेंगाची चटणी आली, आणि शेवटी शेवटी तर त्या मुलाला खोकला होता आणि आई त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. हिंदी सिनेमातली बाई केमच्या स्टेशनावर शेंगाची चटणी कशी काय खाते, हा संशय आम्हा शिकलेल्या माणसांपैकी एकालाही आला नाही. आम्ही सगळे डोळे पुसत असू.

"बाकीचे समदे खराब हूं द्यात," मामा मला म्हणाले, "ह्यो एक पुरा मिळवा. तिनं सांगितल्यालं मला एकदा डोळ्यानं बघायचंय."

मी उत्साही माणूस. महिनाभर खटपट करून पुण्याच्या एका मित्राकडून अख्खा, न अडकणारा सिनेमा मिळवला, डीव्हीडीवर घेतला आणि पेढ्यांच्या पुड्यासकट, वाजंत्री तेवढी बाकी ठेवून, मामांकडे नेला. आधी एकदा पाहून घ्यावा एवढी अक्कल मला सुचली नाही. मामा नवा शर्ट घालून बसले. तो भाग आला. एका गोदामात मारामारी झाली. पिंपं कोसळली. मग विनोदी नट कोंबडीमागे धावला आणि एक नाच झाला. स्टेशन नव्हतं, गाठोडं नव्हतं. आई तर त्या सिनेमात पहिल्या अर्ध्या तासातच मेलेली होती, हे मला तेव्हा आठवलं.

मामा-मामींना मूल नव्हतं. तो खोकणारा मुलगा मामींनी कुठून आणला असेल, हे मला त्या कोंबडीकडे बघता बघता कळलं, आणि हातातला पेढा हातातच राहिला.

मामांनी उठून सिनेमा थांबवला. मग म्हणाले, "कापल्याली हाय ही."

"मामा, पूर्ण आहे, मित्र म्हणाला..."

"तुमच्या मित्रानं बघितलाय का थेटरात जाऊन? तिनं बघितलाय." आणि त्यांनी ती डीव्हीडी पुसून, पाकिटात घालून, मान राखून मला परत दिली.

तेव्हापासून आम्ही दोघं जुन्या बाजारात पुरी सीडी शोधत हिंडतो. मला खरं सांगता आलं असतं. दर खेपेला स्कूटर काढताना मी ते सांगायचं ठरवतो.

गेल्या आठवड्यात जुने रेडिओ आणि सीडींचा ढीग मांडून बसणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांनी मामांना विचारलं, "कौनसा सीन बोलते तुम? बोलो तो सही." मामांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि भर बाजारात सांगायला सुरुवात केली. तोच फलाट, तीच गाठ, पाठीवरून फिरणारा तोच हात. हातवारेसुद्धा मामींचेच. शेजारचा कुलपं विकणारा गिऱ्हाईक सोडून ऐकायला लागला.

"मग गाडी येती," मामा म्हणाले. "आई आन् पोरगं आत बसत्यात. आन् त्येचा बाप..."

मी चमकलो. मामींच्या गोष्टीत बाप कधीच नव्हता.

"बाप पाणी आणाया गेल्याला असतो. नळाला लई गर्दी. बाटली भरून माघारी येतोय, तवर गाडी सुटलीया. फलाट मोकळा."

दवाखान्यात मामींचा प्राण गेला तेव्हा मामा पाण्याची बाटली भरायला खाली गेले होते. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यावर आजवर कोणी एक शब्द बोललेलं नाही.

चाचांनी हातातली सीडी खाली ठेवली. मग म्हणाले, "ऐसा सीन तो मैं नहीं देखा. पर वो पानी? उसका क्या किया फिर बाप ने?"

"घरी आणलं," मामा म्हणाले. "कपाटावर ठिवलंय. वतून टाकवंना."

चाचांनी मान हलवली आणि समोरचा ढीग पुन्हा पहिल्यापासून एकेक सीडी उचलून बघायला घेतला. मामा त्यांच्या शेजारी बसले. मी टोपी मामांच्या डोक्यावर ठेवली, दुसऱ्या बाजूला उकिडवा बसलो आणि शोधायला लागलो.