विमेकाकांचा नमस्कार

विमेकाकांचा उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत सदा पांढरा असे. डावा साध्या माणसाचा, उजवा कापसाचा. ते अकोल्याचे विम्याचे दलाल. मी अमरावतीचा कापसाचा व्यापारी; कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षी मुद्दाम जाऊन त्यांना शोधून काढले. कापसाच्या बैलगाड्या वाटेत लुटल्या किंवा जळाल्या तर भरपाई देणारी पेढी त्यांच्या एका शब्दावर जोखीम घेई.

तो शब्द मात्र सुखासुखी मिळत नसे. दर खेपेला काका अमरावतीला येत, माझ्या गाड्यांपुढे बाही सारत आणि एकेका बोज्यात खांद्यापर्यंत हात खुपसत. वजन वाढावे म्हणून आत पाणी मारले आहे का, ते पाहायचे. "चोर दिसते, भाऊ, बोज्यातलं पानी दिसत नाही," असे भर बाजारात मोठ्याने म्हणत. मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

खरे दुखणे वेगळेच होते. शेजारी नारायणशेटची वखार. तिथे काका बोज्याला बोटही लावत नसत. गाड्यांपुढे उभे राहून शेटला दोन्ही हात जोडत, गोड हसत आणि चालू लागत. माझ्या मालाची झडती आणि त्याला नमस्कार! माझ्या अंगाचा तिळपापड होई. जेवतानाही तोच विषय. शेवटी बायको कंटाळून म्हणाली, "तुमाले विमा पायजे का नमस्कार?" खरे सांगतो, मला नमस्कारच हवा होता.

तिसऱ्या वर्षी होते नव्हते ते सारे मी रुईत घातले आणि अकरा गाड्या भरल्या. काकांनी बाही सारताच मी आडवा आलो.

"आज हात घालायचा नाही. नारायणशेटकडे करता, तसंच माझ्याकडे करा."

काकांनी बाही खाली ओढली. "पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी दोन्ही हात जोडले. मी नारायणशेटच्या ओट्याकडे पाहून मिशीवर ताव दिला. विम्याची चिठ्ठी पेढीवरून नेहमी मागाहून येई, म्हणून तिची वाट न पाहता गाड्या सोडल्या.

मूर्तिजापूरजवळ मुक्कामात गाडीवानाच्या चिलमीची ठिणगी उडाली. सात गाड्या गेल्या. मी तडक अकोला गाठले.

"कायचा विमा, भाऊ?" काका चकितच झाले. "मी तं हात जोडले होते! भर बाजारात कोन्या शेटले नाही कसं म्हनू? नाही म्हनायचं असलं तं मी हात जोडतो. नारायणशेट बोज्याले हात लावू देत नाहीत, त्यायले दोन वर्सं हातच जोडून राहिलो. त्यायचं नशीब, माल पोचते. तुमाले मी पक्कं का म्हनून इचारलंही."

दोन वर्षे मी ज्या मानावर जळत होतो, तो नकार होता.

पुढच्या हंगामात माझ्या दोनच गाड्या होत्या. काकांनी न विचारता बाही सारली आणि पहिल्याच बोज्यात खांद्यापर्यंत हात घातला. मला रडू आले.

मग आगगाडी आली, लांबच्या बैलगाड्या थांबल्या, आणि काका पातूरला लेकीकडे कायमचे जायला निघाले. माझ्या वखारीत निरोप घ्यायला आले. त्यांनी हात जोडले तसा मी पुढे झालो. "काका, हात नका जोडू," मी म्हणालो. ते हसले आणि तोच उजवा हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला.

पलीकडे ओट्यावर नारायणशेट उभा होता. त्याने पाहिले की नाही, हे मी आधी बघून घेतले. डोळे नंतर पुसले.